शिडी कोणी घडविली?
(मुक्ताईनगर येथे दिलेले भाषण)



राज्यपाल म्हणजे आकाशातून उतरलेला कोणी पुरुष नव्हे, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकच मतांनी निवडतात. टेनेसी राज्याच्या लोकांनी 1853 साली अँड्र्यू जॉन्सन नावाच्या शिंप्यास निवडले. तो शाळेत कधीच गेला नव्हता. म्हणूनच की काय, त्याने सरकारी शाळांसाठी कर बसविण्याचा कायदा करविला. आपल्याकडे राज्यपालास राष्ट्रपती नेमतात. तेथे आपले मत चालत नाही. पण नेमणुकीपूर्वी जी शिडी चढावी लागते, तिच्या पायऱ्या आपणच घडवितो.

प्रतिभाताई पाटील यांचेच पाहा. जन्म 19 डिसेंबर 1934, बोदवडजवळच्या नाडगावी. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या एम. ए.पर्यंत शिकल्या, मुंबईस कायदा शिकल्या. 1962 साली सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. पुढे 1967, 1972, 1978 व 1980 अशा चार वेळा एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांस निवडले. वखरामागे चालणाऱ्याने आणि भात्यापाशी बसणाऱ्याने मत टाकले, म्हणून त्या मंत्री झाल्या, विरोधी पक्षनेत्या झाल्या.

8 नोव्हेंबर 2004 रोजी त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. तेथे या पदावर ती पहिलीच स्त्री. हे पद नुसते शिक्का मारण्याचे नव्हे. 2006 साली तेथील विधानसभेने मंजूर केलेले धर्मांतराविषयीचे विधेयक त्यांनी सही न करता परत पाठविले. 25 जुलै 2007 रोजी त्या देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. ताईंचे वडील वकील होते. घरात पुस्तक होते, मुलीस शिकविण्याची ऐपत होती. मग मजुरणीची, सुताराची, कुंभाराची लेक त्या शिडीवर कधी चढणार? कपाशीची वेचणी आली की आमच्या वर्गात आधी मुलींच्या जागा रिकाम्या होतात. चार पैसे घरी येतात, पण पोरीचे वर्ष जाते. मागे पडलेली पोर लाजते, शाळा सोडते. मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. यात दोष पोरीचा काय?

हे गाव मुक्ताईच्या नावाने ओळखले जाते. येथे लेक अडाणी राहणे आपणांस शोभत नाही. मत देऊन आपण एका बाईस थोर पदाच्या वाटेला लावले. आता पाटी देऊन आपल्या पोरीस लावा. वेचणीसाठी मुलीची शाळा बुडविणार नाही, एवढा ठराव आज घरोघर करा.