उतरायची परवानगी



संयोजकांनी दहा मिनिटं दिलीत आणि "शाळेच्या आठवणी सोडून काहीही बोल" अशी अट घातली आहे. म्हणून विमानं उतरतात कशी, यावर बोलते. मी त्या क्षेत्रातली नाही, बँकांचं सॉफ्टवेअर लिहिते. पण एकाच खात्याला एकाच क्षणी दोन व्यवहारांनी हात लावू नये, हा माझा रोजचा प्रश्न, आणि धावपट्टीचाही प्रश्न तोच. फक्त तिथे चुकलं तर माणसं जातात.

मुंबईचंच घ्या. तुमच्यातले बरेच जण काल-परवा तिथेच उतरलात. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या तासाला चाळीसहून जास्त विमानं, म्हणजे दीड मिनिटाच्या आत एक. एक उतरून बाजूला वळतं, मधल्या फटीत दुसरं उडतं, तोवर तिसरं समोर आलेलं असतं. आणि उतरणारं विमान मिनिटाला चार किलोमीटर अंतर सहज कापतं.

धावपट्टी मोकळी नसेल तर टॉवरमधला कंट्रोलर म्हणतो, "कंटिन्यू अ‍ॅप्रोच." येत राहा, उतर असं अजून म्हटलेलं नाही. मोकळी झाली की वाऱ्याची दिशा आणि वेग, धावपट्टीचा क्रमांक आणि "क्लिअर्ड टू लँड." हे शब्द कधीकधी चाकं टेकायच्या थोडेच आधी येतात. आलेच नाहीत, तर वैमानिक पुन्हा वर जातो आणि फेरी मारून येतो. 'नाही म्हटलं नाही, म्हणजे हो' हा आपला घरगुती हिशेब तिथे चालत नाही. अशा एका फेरीनंतर आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "पायलट नवखा असणार." अरे, ते काम नीट चालल्याचं लक्षण आहे!

अमेरिकावाल्यांनी हात वर करायच्या आत सांगते: तुमच्याकडे पुढचं विमान अजून उतरायचं असतानाही मागच्याला परवानगी देऊन ठेवतात, पुढचं वेळेत बाजूला होईल या अपेक्षेवर. मला अपेक्षेपेक्षा रिकामी धावपट्टी बरी वाटते.

मिळालेली परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची असते, नुसतं 'ओके' चालत नाही. गणिताच्या बाई "समजलं का?" असं कधी विचारायच्या नाहीत, "काय समजलं ते सांग" म्हणायच्या. तेच हे.

पण एवढ्यानेही भागत नाही. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने सांगितलं, "नंबर वन," आणि धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत यायला सांगितलं. त्यांनी ते बरोबर परत म्हटलं. तरी धावपट्टीवर जायची मुभा मिळाली असा त्या वैमानिकाचा समज झाला आणि विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. तिथेच उतरायची परवानगी जपान एअरलाइन्सच्या विमानाला आधीच दिलेली होती. टक्कर झाली. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले.

मला झोंबलं ते वेगळंच. धावपट्टीवर कुणीतरी आहे, असा इशारा टॉवरमधल्या पडद्यावर दिसत होता. कंट्रोलरचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याच्या समोर इतर विमानंही होती, त्यालाच दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र पडद्यावर लाल रंग उमटला की आपलं काम झालं असं धरून चालतो. जपानने नंतर "नंबर वन" म्हणणं काही काळ बंद केलं आणि हानेदाला तो पडदा बघायला स्वतंत्र माणूस बसवला. आता आमच्याकडे कुणी नवा इशारा घालू या म्हणालं, की मी विचारते, बघणार कोण? बैठक तिथेच लांबते.

जेवणाची पानं मांडली जातायत, तेव्हा थांबते.