परिसर, आरोग्य आणि संशोधनाचा निधी



पिलाजीराव गायकवाडांच्या समाधीमुळे मराठी माणसाला परिचित असलेले सावली हे गाव आज उद्योगांमुळेही ओळखले जाते. मंजुसरची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे. उद्योगांमुळे रोजगार आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हवा, पाणी व धूळ यांचा मनुष्याच्या शरीरावर कोणता परिणाम होतो, याचा शोध घेणारी व्यवस्थाही तितकीच आवश्यक असते. संशोधन केंद्रे ही ती व्यवस्था. आणि निधी हा त्यांचा प्राण.

या निधीची आवश्यकता समजण्यासाठी फार दूर जावयास नको. खंबायत येथे अकीकाचे दगड घासून मणी बनविण्याचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. घासताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते व तेथे व्रण निर्माण करते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा होत नाही. खोकला व धाप ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने रुग्णाला अनेकदा क्षयाचीच औषधे दिली जातात. रुग्णाचा व्यवसाय विचारल्यावाचून व क्ष-किरण तपासणी केल्यावाचून खरे कारण कळत नाही.

हे कारण शोधण्याचे कार्य अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांची तिने पाहणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. ते निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. खंबायतच्या कारागिरांसाठी संस्थेने धूळ उगमापाशीच ओढून घेणारे यंत्रही तयार केले. केवळ रोगाचे निदान करून न थांबता त्याला पायबंद घालणे, हे संशोधनाचे खरे फलित होय.

असे प्रतिबंधक उपाय कामगारापर्यंत वेळेवर न पोहोचल्यास काय घडते, हे गोध्र्याच्या उदाहरणावरून दिसते. तेथील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून मध्य प्रदेशातील आपल्या गावी परतलेले आदिवासी मजूर सिलिकोसिसने दगावले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. ही रक्कम ७ कोटी १४ लाख रुपये होते. आणि एवढे देऊनही गेलेला कर्ता पुरुष परत येत नाही.

निधी जसा पुरेसा हवा, तसा तो अखंडही हवा. परिसरजन्य रोग वर्षानुवर्षे सुप्त राहतात; म्हणून त्यांचा अभ्यासही वर्षानुवर्षे चालावा लागतो. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने हजारो बाधितांचा अभ्यास आरंभिला. मात्र १९९४ मध्ये परिषदेचे ते काम थांबले. पुढील पाहणी राज्य शासनाच्या केंद्राकडे गेली आणि परिषदेची राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संशोधन संस्था भोपाळमध्ये २०१० साली स्थापन झाली. मध्यंतरी गर्भात वायूची बाधा झालेली बालके प्रौढ झाली होती. निधी पुन्हा देता येतो. परंतु न नोंदलेली वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

वैद्यकीय संशोधन परिषद १९११ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे नावच ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ असे होते. संशोधनाचा आरंभ निधीपासून होतो, हे त्या नावातच स्पष्ट होते. हा निधी जनतेच्या करांतून येतो. म्हणून त्याचे फळ जनतेपर्यंत पोहोचले पाहिजे.

यात प्रत्येकाचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी पाहणीचे निष्कर्ष गावाला त्याच्या भाषेत सांगावेत. शिक्षकांनी धुळीचे व दूषित पाण्याचे धोके विद्यार्थ्यांना समजावून द्यावेत. ग्रामस्थांनी दवाखान्यात आपला पूर्वीचा व सध्याचा व्यवसाय आवर्जून सांगावा आणि पाहणी पथकास खरी माहिती द्यावी. शासनाने दिलेला निधी व जनतेने दिलेली माहिती यांचा संयोग झाला, तरच संशोधन सार्थकी लागेल आणि रोजगारासाठी कोणालाही आपल्या श्वासाचे मोल द्यावे लागणार नाही.