घरचे दुकान आणि दूरचे गिऱ्हाईक



वसंत ऋतूत आपल्या हदगाव तालुक्यात हळद शिजून, वाळून घरी आलेली असते. नऊ महिने जमिनीत वाढलेले हे पीक मोंढ्यावर गेले की त्याचे गाव आणि शेत, दोन्ही पुसले जातात. उरतो तो केवळ भाव. अलीकडे मात्र आपली तरुण मुले आणि बचत गटांतील भगिनी पूड दळून मोबाइलवरून थेट पुण्यामुंबईस विकू पाहत आहेत. त्यांचे कौतुक अवश्य करावे. पण कौतुकाने वही जुळत नाही. तेव्हा या धंद्यात गिऱ्हाईक मिळते कसे आणि टिकते कसे, याचाच आज विचार करू.

न पाहिलेला माल दूरच्या माणसास विकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. सुरू केली. माल हाती पडल्यावर पैसे द्यायचे, ही तिची रीत. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे तिचेच नातवंड. आणि व्ही. पी. परत आली की दुकानदारास जो भुर्दंड बसे, तोच आजही बसतो.

हा भुर्दंड किती, ते पाहू. समजा, सर्व खर्च वजा जाता एका पार्सलमागे ४० रुपये सुटतात. एक पार्सल परत आले आणि जाण्यायेण्याचे १२० रुपये अंगावर पडले, तर तीन पार्सलांची कमाई गेली! म्हणून माल सोडण्यापूर्वी गिऱ्हाइकास एक फोन करावा. २०१६ पासून यूपीआय आहे. आगाऊ पैसे देणाऱ्यास थोडी सूट द्यावी. कुरियरवाले बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर लावतात. अर्धा किलो हळद, तिची पिशवी आणि वरचा खोका मिळून वजन पुढच्या टप्प्यात जाते. पुडी ४०० ग्रॅमची केली, तर तोच खर्च वाचतो.

जाहिरातीचा हिशेबही असाच आहे. एक नवे गिऱ्हाईक मिळवण्यास १०० रुपये लागले, तर पहिल्या विक्रीत ६० रुपयांची खोट येते. दुसऱ्या विक्रीनंतरही २० रुपये येणेच राहतात. तिसऱ्या खेपेस कोठे २० रुपये नफा दिसतो. याचा अर्थ उघड आहे. जे गिऱ्हाईक परत येत नाही, ते विकत घेण्यात छोट्या दुकानदाराचे दिवाळे आहे.

मग ते परत कशाने येते? केशव पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत ‘विको’ सुरू केली, तेव्हा दारोदार फिरून दंतमंजन विकले. त्या फिरण्यात नुसती विक्री नव्हती. माणूस काय विचारतो, कशाला नाही म्हणतो, हे दारातच कळे. आपल्यालाही दारे आहेत. हदगावची किती माणसे नोकरीनिमित्त बाहेरगावी आहेत! पहिली शंभर पाकिटे त्यांच्या घरी जाऊ द्या. हळद संपत आली असेल त्या सुमारास विचारपूस करा. मोठ्या बाजारपेठांच्या ॲपवर माल ठेवण्यास हरकत नाही. पण तिथे दलाली द्यावी लागते आणि गिऱ्हाइकाशी ओळख बहुधा त्यांचीच राहते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. हळदीत लेड क्रोमेटसारखा विषारी रंग मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. शहरातली गृहिणी त्यामुळेच धास्तावलेली असते. तिला गाव सांगा, काढणीचा महिना सांगा, प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल दाखवा. पाकिटावर पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापणे हा तर कायदाच आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते नाव छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. शेजारच्या गावाचे नाव उसने घेऊन आपले नाव मोठे होत नाही. तसेच मित्रमंडळींकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. अशा अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानकच काढले.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांपुढे आमचा टिकाव कसा लागणार? भावात लागणार नाही. त्या खेळात उतरूच नये. पण ‘ही हळद कोणाच्या शेतातली?’ या प्रश्नास मोठ्या कंपनीपाशी सहसा उत्तर नसते. आपल्यापाशी ते आहे. मोंढ्यावर पुसले जाणारे ते नाव पाकिटावर ठेवता आले, आणि त्या नावाला बट्टा लागू दिला नाही, म्हणजे या धंद्यातील निम्मे काम झाले. उरलेले निम्मे रोजच्या हिशेबाचे आहे, आणि तो चुकवून चालणार नाही.