न पाहतां ठेवलेला भरंवसा



ज्युबिलीच्या या मंगल दिनीं देवाचे उपकार आठवीत असतां एक प्रश्न टाळणें आम्हांस उचित वाटत नाहीं. ज्याचें रूप दिसत नाहीं व ज्याचें उत्तर पुष्कळदां कानीं येत नाहीं, त्या परमेश्वरावर भरंवसा कसा ठेवावा? ज्या घरीं रात्रंदिवस प्रार्थना करूनही रोगी उठला नाहीं, तेथें हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

प्रथम आपल्या इटियाडोहाकडे पाहूं. गाढवी नदीवरील या धरणाचें काम १९७० सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी नहरांनीं गडचिरोली जिल्ह्यापर्यंत जातें. टोंकाच्या शेतकऱ्यास आपल्या बांधींतून धरण दिसत नाहीं. तरी तो पऱ्हे टाकतो व आपल्या वांट्याचा पाट साफ ठेवतो. पण ही उपमा येथेंच थांबते. तो हवें तेव्हां जाऊन धरण पाहूं शकतो. देवाविषयीं तशी खात्री आपणांस करून घेतां येत नाहीं.

म्हणून आपल्याच मराठी मुलखांतील एका संताकडे वळूं. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधु. ते १५९३ सालीं दुभाषी म्हणून जपानांत गेले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेनें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर देण्यांत आलें. त्या दिवशीं डोळ्यांस दिसलें तें केवळ मरण होतें.

पुढें १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. दोनशेंहून अधिक वर्षें तेथील श्रद्धावंतांस धर्मगुरु नव्हते, देऊळ नव्हतें, मिस्साही नव्हती. गांवचे वडीलधारे बाप्तिस्मा देत, सणांचे दिवस मोजून ठेवीत, मुलांकडून प्रार्थना गुप्तपणें पाठ करवून घेत. कित्येक पिढ्या अशाच वाट पाहत मातीआड गेल्या. मग १७ मार्च १८६५ रोजीं ओउरा येथील नव्या देवळांत उराकामी गांवचीं कांहीं माणसें आलीं. आमचें व तुमचें अंतःकरण एकच आहे, असें त्यांनीं फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितलें, आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारलें. यानंतरही उराकामीकरांस हद्दपारी सोसावी लागली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ सालीं.

बंधुभगिनींनो, आमचें म्हणणें इतकेंच आहे: भरंवसा म्हणजे फळ दिसेल अशी हमी नव्हे. ज्याचा शब्द आपण ऐकला, त्याच्या शब्दावर आजचें कर्तव्य करीत राहणें, हाच भरंवसा होय. प्रेषित थोमास जखमा पाहावयास मिळाल्या; परंतु प्रभूनें धन्य म्हटलें तें न पाहतां विश्वास ठेवणारांस. म्हणून ज्यांची प्रार्थना फळास आली नाहीं, त्यांस तुमची श्रद्धा उणी पडली असें आपण कधींही म्हणूं नये, त्यांच्याजवळ बसावें. आणि आपल्या लेकरांस सायंप्रार्थना शिकवावी, मग तिचें फळ आपल्या नातवांनीं पाहिलें तरी चालेल.

संत गोन्सालो आपणांसाठीं विनंती करोत, आणि अंधारांतही हात न सोडण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.