दूरची युद्धं, जवळची माणसं आणि आपला मोबाईल

(हिंगोली इथे तरुणांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मी काही वक्ता नाही. कळमनुरी तालुक्यातला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलो, नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि आता बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. संयोजकांनी विषय दिला, ‘दूरची युद्धं आणि आपण’. मी त्यांना म्हटलं, या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे की नाही ते माहीत नाही, पण या विषयात केलेल्या चुका माझ्याकडे भरपूर आहेत. तर तिथूनच सुरुवात करतो.

नोव्हेंबर २०२३ची गोष्ट. रात्री जेवण झालं की मी मोबाईल घेऊन बसायचो, ते दीड-दोन वाजेपर्यंत. गाझातली पडलेली घरं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली लेकरं. झोप लागायची नाही. आपल्या हातात काहीच नाही, निदान लोकांना दाखवू तरी, असं वाटायचं. एके रात्री एक व्हिडिओ आला. एक बाप ढिगाऱ्यातून आपल्या लेकराला बाहेर काढतोय. मी खाली लिहिलं, ‘गाझा, आज सकाळी’, आणि अकरा ग्रुपमध्ये टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा फोन आला. म्हणाले, “बाळा, हा व्हिडिओ सीरियातला आहे, कितीतरी वर्षांपूर्वीचा. माझ्या मुलानं शोधून दाखवला.” मी म्हटलं, “सर, गाझातही हेच चाललंय ना? काय फरक पडतो?” सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “फरक असा पडतो की तुझा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या ग्रुपात आला. खोटा निघाल्यावर तिथं लोक म्हणाले, यांचं सगळंच खोटं असतं. आता गाझाचा खरा व्हिडिओ आला तरी तो तिथं कुणी उघडणार नाही. आणि त्या सीरियातल्या बापाचं काय? त्याचं दुःख तू दुसऱ्याच्या नावावर टाकलंस.”

मी अकराही ग्रुपमधून व्हिडिओ काढला. पण तोवर तो कुठं कुठं गेला होता, हे मला कधीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी विचार करायला लागलो की कुठलं दुःख माझ्यापर्यंत येतं आणि कुठलं येत नाही, हे ठरतं कसं?

हा प्रश्न नवा नाही. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रुगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी तिथली वर्तमानपत्रं तपासली. काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या संकटांच्या बातम्या कशा छापल्या गेल्या ते पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना अचानक घडलेली असली, बड्या देशांशी संबंधित असली, वाचकाला आपली वाटणारी असली आणि त्यात एखादा ठळक चेहरा असला, तर तिची बातमी होते. हळूहळू चालणारं, गुंतागुंतीचं, गरीब देशातलं दुःख मागं पडतं. तेव्हा निवड संपादक करायचा. आज ती करणारा प्रोग्राम तुम्ही स्क्रीनवर किती वेळ थांबलात, यासारखे आकडे पाहतो. तुम्ही रडत थांबलात की रागानं थांबलात, त्याला घेणं नाही.

सीरियाचं युद्ध २०११ला सुरू झालं. चार वर्षं माणसं मरत होती, आकडे छापले जात होते. मग २ सप्टेंबर २०१५ला अॅलन कुर्दी या चिमुकल्याचा मृतदेह तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडला. तो फोटो जगभर गेला आणि जग हललं. मदतीचा ओघ सुरू झाला. पुढं अभ्यासकांनी मोजलं तेव्हा दिसलं की काही आठवड्यांतच तो ओघ ओसरला. युद्ध मात्र चालूच होतं.

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. सिस्टीममध्ये बिघाड झाला की लॉग बघायचा. पण लॉगमध्ये काही दिसलं नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं धरायचं नाही. कदाचित लॉग लिहिणारा भागच बंद पडलेला असतो.

मणिपूर बघा. हिंसाचार ३ मे २०२३ला सुरू झाला आणि तिथं इंटरनेट बंद झालं. दोन बायकांची विवस्त्र धिंड निघाली ती ४ मेला. तो व्हिडिओ देशानं पाहिला १९ जुलैला. मधले अडीच महिने तुम्ही-आम्ही काय करत होतो? घटना घडलेली होती, पोलिसांत तक्रारही झालेली होती. फक्त व्हिडिओ नव्हता. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलं नाही. जे काही आपल्याला दिसलं ते तिथल्याच पत्रकारांनी दाखवलं, आणि त्यातले दोनशेहून जास्त मारले गेले. म्हणजे लॉग लिहिणारेच संपवले जातात.

आता अवघड भागाकडं येतो. रागावू नका.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ला युद्ध सुरू झालं. एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. जगात आज विस्थापितांचं याहून मोठं संकट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दार्फूरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. दुष्काळ हा शब्द आपण मराठवाड्यात सहज वापरतो. तिथं त्याचा अर्थ उपासमारीनं मरणं असा आहे. मरणारे बहुतेक मुसलमान आहेत. मी माझा मोबाईल तपासला. गाझावर मी शेकड्यांनी पोस्ट टाकल्या होत्या. सुदानवर एकही नाही.

का? मी स्वतःला बरीच कारणं दिली. व्हिडिओ आले नाहीत, इंटरनेट बंद होतं. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं हे, की सुदानमध्ये मारणारेही मुसलमान आहेत. तिथं मला ‘आपण’ आणि ‘ते’ असं वाटून घेता आलं नाही, म्हणून माझा जीव तितका तुटला नाही. हे कबूल करायला मला वर्ष लागलं. मजलूम कोण ते पाहण्याआधी मी जालिम कोण ते पाहत होतो.

पण हीच गोष्ट उलटी करून तुमच्या तोंडावर फेकणारेही आहेत. गाझावर बोललात की लगेच विचारतात, ‘तुम्हाला तिकडचाच पुळका का? इथलं दिसत नाही का?’ कॉलेजात, ऑफिसात हा प्रश्न तुम्हाला आला असेल. मला आलाय. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना इथल्याचीही काळजी नसते. तरी आपण उत्तर द्यायचं, आणि शांतपणे द्यायचं.

माझं उत्तर सोलापूरचं आहे. १९३८ मध्ये जपाननं चीनवर चालवलेल्या युद्धात काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, वय २८च्या आत-बाहेर. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात. इथं गरिबी होती, रोगराई होती. ‘आधी घरचं बघा’ असं त्यांनाही म्हणता आलं असतं. ते गेले, तिथल्या जखमींची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथंच वारले. त्यांना आपण देशाबाहेरचा पुळका असलेला माणूस म्हणत नाही, त्यांचा अभिमान बाळगतो. दूरच्या माणसासाठी जीव तुटणं ही आपल्या मातीतली जुनी गोष्ट आहे. त्याची माफी मागायची गरज नाही.

फक्त कोटणीस तिकडं गेले, रुग्णांजवळ राहिले. आपण स्क्रीनवर बोट फिरवतो. एवढा फरक लक्षात ठेवावा.

आता घरची गोष्ट.

गेल्या वर्षी ईदला गावी होतो. गाझाचं काहीतरी बघताना माझे डोळे भरले. बाजूला नानी बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढं. तिनं विचारलं, काय बघतोस? मी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “उनके वास्ते रोता, अच्छी बात है बेटा. हमारे वास्ते कौन रोया था?”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पोलीस अॅक्शनच्या वेळी ती आठ-नऊ वर्षांची होती. तिचे अब्बा बाजारच्या गावाला गेले ते परत आलेच नाहीत. ती, तिची आई आणि दोन भाऊ गावच्या पाटलांच्या वाड्यात कडब्यामागं चार रात्री लपून होते. पाटलीणबाई भाकरी आणून द्यायच्या. माझं वय छत्तीस. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, “किसने पूछा?”

पुण्याला आल्यावर मी वाचायला बसलो. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, १७ला निजामानं शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि तो करायलाच हवा. रझाकारांनी त्याआधी गावागावांत जे अत्याचार केले, ते सोसणारेही आपल्याच गावचे होते. नानीला आसरा देणाऱ्या पाटलांच्या घरानंही ते सोसले होते. पण त्या दिवसांत आणि नंतर सामान्य मुसलमानांच्या कत्तलीही झाल्या. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती संस्थानभर फिरली. तिचा अंदाज होता, किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडला. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. आकड्यावर वाद आहेत, असू द्या. पण तो अहवाल दशकानुदशकं फायलीत पडून राहिला. सगळ्यांना वाचायला मिळाला तो २०१३च्या सुमारास. ६५ वर्षांनी.

आणि एक गोष्ट मला चटका लावून गेली. ज्या दिवशी निजाम शरण आला, त्याच १७ सप्टेंबर १९४८ला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची हत्या झाली. जगासाठी ती मोठी बातमी होती, असायलाच हवी होती. पॅलेस्टाईन तेव्हाही बातमीत होतं. आणि आमची नानी तेव्हा कडब्यामागं होती. तिची बातमी कुठंच नव्हती. अगदी तिच्या नातवापर्यंतही ती आली नाही.

त्याच पाटलांचा नातू माझा वर्गमित्र. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा त्याच्या शेतात पाणी साचून हळद सडली, सोयाबीन गेलं. बँकेचं कर्ज होतंच. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही नानीकडून. त्या तीन आठवड्यांत मी रोज किमान तीन तास मोबाईलवर जगाचं दुःख बघत होतो. त्याचे दोन मिस्ड कॉल त्याच मोबाईलमध्ये होते. सुदैवानं तो आज आहे. मी गेलो, बसलो, जे जमलं ते केलं. पण प्रत्येक वेळी वेळ मिळतोच असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत तो मिळाला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग करायचं काय? दूरचं बघायचं सोडायचं? नाही.

आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा होणार आहे, तुम्हाला माहीत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ला त्यांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. विश्वास कधी ठेवला? दोन्ही यंत्रांत तीच खूण मिळाली तेव्हा. एकाच यंत्रात मिळाली असती तर बाजूनं ट्रक गेला असेल, अशीही शंका आली असती. आणि लहर नेमकी कुठून आली ते सांगायला आणखी दूर तिसरं यंत्र हवं, म्हणून ते आपल्याकडं येतंय.

मी माझ्यासाठी तोच नियम केलाय. एक, दोन वेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी बातमी दिसल्याशिवाय पुढं पाठवायची नाही. जागा आणि तारीख माहीत नसेल तर अजिबात नाही. दोन, दिवसातून अर्धा तास, तोही वाचायला. रात्री नाही. तीन, गाझासोबत अशी एक जागा वर्षभर धरून ठेवायची जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मी सुदान धरलंय. चार, पैसे द्यायचे तर नोंदणी असलेल्या आणि हिशेब जाहीर करणाऱ्या संस्थेलाच. व्हिडिओखालच्या क्यूआर कोडवर नाही. पाच, जितका वेळ दूरच्या दुःखाला, तितका जवळच्याला. मिस्ड कॉल आधी.

आणि शेवटचं. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा. मी नानीचं केलं, चाळीस मिनिटं. माझ्या मित्रानं त्याच्या आजोबांचं केलंय, त्यांनी रझाकारांच्या काळात काय पाहिलं ते. परवा आम्ही दोघांनी दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकली. मध्ये कुणी काही बोललं नाही. त्याच्या आजोबांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी कडब्यामागच्या चार लेकरांचा उल्लेख येतो. नानी म्हणते तीन लेकरं होती, ती आणि दोन भाऊ. आता ते चौथं लेकरू कुणाचं होतं, ते आम्ही शोधतोय. कुणाला माहीत असेल तर भेटा.