पाणी सोडायचे कुठे? : एका कृषी विद्यार्थिनीचे मनोगत

(मिरज तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात कृषी पदवीच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोललेल्या तज्ज्ञ मंडळींनी ऊस, हळद आणि सोयाबीनबद्दल मोलाची माहिती दिली. मी अजून शिकते आहे. तुम्हाला शिकवावे एवढा माझा अधिकार नाही. सरांनी मला "तू कशी घडलीस आणि पुढे काय करणार आहेस ते सांग" असे सांगितले म्हणून उभी राहिले. पण मी कशी घडले ते सांगायचे तर आमच्या दोन एकरांचेच सांगावे लागेल.

आमचे गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी. एकूण रान चार एकर, भारी काळे. आजोबांच्या काळात तिथे शाळू, हरभरा व्हायचा. उपसा योजनेचे पाणी आले आणि ऊस आला. घर बांधले, आत्यांची लग्ने झाली, ती सगळी त्या उसावर. त्यामुळे उसाला नावे ठेवायला मी आलेले नाही. पण पाणी कसे दिले जायचे हे मला आठवते. लाईट रात्रीची. आप्पा मोटर चालू करून सरीला पाणी लावायचे आणि घरी येऊन झोपायचे. सकाळी पाणी खालच्या बांधावरून वाहत असायचे. "रान गार झालं" असे आप्पा समाधानाने म्हणायचे.

मी प्राथमिक शाळेत असताना खालच्या अंगाला पांढरी फुली दिसू लागली. आमच्याकडे त्याला मीठफुटी म्हणतात. आधी उसाची उगवण विरळ झाली, मग डोळ्यादेखत पिवळा पडू लागला. सन २०१४ मध्ये त्या दोन एकरांतला शेवटचा ऊस गेला. त्यानंतर तिथे लव्हाळा आणि वेडी बाभूळ. सन २०१६ मध्ये कोणीतरी सांगितले म्हणून आप्पांनी दुकानातून जिप्सम आणले, एकरी दोन टन टाकले. फरक शून्य. त्या वर्षी माझ्या आईच्या पाटल्या सोसायटीच्या कर्जात गेल्या. पुढे सन २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात उरलेल्या दोन एकरांतलाही ऊस आठवडाभर पाण्याखाली राहिला.

बारावीनंतर मी कृषी पदवीला प्रवेश घेतला तो फार विचार करून नव्हे. गुण बरे होते, सातबाऱ्यामुळे थोडे अधिक गुण मिळाले आणि वसतिगृहात जागा मिळाली, एवढेच. पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडत नसे. मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरांनी सांगितले, "प्रत्येकाने आपल्या घरच्या रानातली माती आणायची." मुले बागायती रानातली चांगली माती घेऊन आली. मी त्या पडीक दोन एकरांतली नेली. खरे सांगायचे तर लाज वाटत होती.

त्या मातीचा सामू आला ८.१ आणि क्षारता, म्हणजे विद्युत वाहकता, ९ डेसिसायमनच्या वर. सरांनी तो आकडा दोनदा पाहिला आणि मला फळ्यापाशी बोलावले. क्षारता ४ च्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर ती जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण शेकडा १५ च्या वर असेल तर ती चोपण. दिसायला दोन्ही रानांत पीक मरते, औषध मात्र वेगळे. जिप्सममधील कॅल्शियम कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो, म्हणून ते चोपण जमिनीचे औषध. आमच्या रानात मीठ कणाला चिकटलेले नव्हते, पाण्यात विरघळलेले होते. त्याला फक्त बाहेर जायला वाट हवी होती.

म्हणजे ते चार टन जिप्सम वाया गेले होते. हे आप्पांना कसे सांगायचे याचा मी महिनाभर विचार केला. दिवाळीच्या सुट्टीत सांगितले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तवाच कुणी का सांगितलं न्हाई?" दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण माती तपासायला आपणही नेली नव्हती, हे आप्पांनीच नंतर कबूल केले. मला वाटते, मी मृदाशास्त्र घ्यायचे त्याच दिवशी ठरले.

आता मीठ येते कुठून ते सांगते, कारण पुष्कळांना वाटते की ते खतातूनच येते. खताचा वाटा थोडा असतो, पण मुख्य कारण खालचे पाणी. पणतीतली वात जसे तेल वर ओढते तशी भारी काळी माती खालचे पाणी वर ओढते. जमिनीतील पाण्याची पातळी साधारण दीड मीटरच्या आत आली की हे ओढणे पृष्ठभागापर्यंत पोहोचते. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ वर राहते. दुसऱ्या वर्षी मी आमच्या रानात सहा फूट खोल भोक पाडून त्यात छिद्रे पाडलेली नळी बसवली. दर रविवारी आई काठी घालून ओल किती फुटांवर लागते ते वहीत लिहायची. शेजारच्या उसाला पाणी दिले की दोन दिवसांत आमच्या नळीत पाणी दीड फुटावर! आमच्या त्या रानात पाण्याचा थेंब सोडला नव्हता. त्या वहीने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने नाही: मीठफुटी एका खातेदाराची नसते.

सातव्या सत्रात आम्हाला कार्यानुभवासाठी गावात राहावे लागते. आम्ही सहाजणी नदीकाठच्या एका गावात राहिलो. पहिल्याच बैठकीत मी निचऱ्यावर बोलले. छिद्रे असलेले पन्हळी पीव्हीसी पाईप, त्यावर गाळ आत जाऊ नये म्हणून कापडाचे आवरण, साधारण एक ते सव्वा मीटर खोली, दोन ओळींतले अंतर मातीप्रमाणे, बारीक उतार, सगळ्या ओळी मोठ्या पाईपला जोडायच्या. तक्ता छान काढला होता. मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "पोरी, समदं कळलं. पर पाणी सोडायचं कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गावचा ओढा गाळाने आणि अतिक्रमणाने भरलेला. अकरा खातेदारांची राने एकाच उतारावर. वरच्याचे पाणी खालच्याच्या रानातूनच जाणार, आणि खालचा म्हणणार, तुमचे खारे पाणी माझ्या बांधातून कशाला? त्या रात्री मी रडले, हेही सांगून टाकते. चार वर्षे शिकून साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणजे काय!

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि एकेकाच्या घरी गेलो. खालच्या अंगाला ज्यांचे रान, त्या तात्यांकडे मी सात वेळा गेले. पाईप मीटरभर खाली, बंद असतो, तुमच्या मुळांना ते पाणी लागत नाही, उलट तुमचीही पातळी उतरेल, हे माझे सांगणे त्यांना पटेना. शेवटी आम्ही त्यांना शिरोळ तालुक्यात घेऊन गेलो. तिथे दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पडीक राने पुन्हा पिकाखाली आणली आहेत. तात्या तिथल्या शेतकऱ्याशी तासभर बोलले, मला मध्ये बोलू दिले नाही. परतताना म्हणाले, "त्येनं सांगितलं म्हंजे खरं असंल." अकरापैकी आज नऊ खातेदार तयार आहेत. दोघे नाहीत. त्यातल्या एकाची अडचण पैशाची आहे, आणि ती खरी आहे. दुसऱ्याचे भावकीचे भांडण आहे. त्यावर विद्यापीठाची शिफारस नाही.

माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, काहींना बँकेत कृषी अधिकारी व्हायचे आहे. त्यात वाईट काही नाही. मामा मलाही म्हणतात, "मातीत हात घालायला शिकलीस व्हय?" मी मृदाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणार आहे. कर्नालला सन १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. तिथे काम शिकायची इच्छा आहे. त्यानंतर मात्र मला कृष्णा-वारणेच्या काठीच परत यायचे आहे.

शाश्वत शेती हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. मला त्याचा अर्थ त्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नात सापडतो, आणि तो प्रश्न ओढ्यापाशी संपत नाही. आपण मीठ ओढ्यात सोडले, ओढा कृष्णेला मिळाला, खालच्या गावाने तेच पाणी उपसून उसाला दिले, तर आपण दुखणे फक्त पुढे ढकलले. नियंत्रित निचरा म्हणून एक पद्धत आहे. पाईपच्या तोंडाला झडप बसवायची, पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना ती उघडायची, उन्हाळ्यात पात्र आटलेले असताना बंद ठेवायची. आपल्या भारी जमिनीत आणि आपल्या पाळ्यांच्या वेळापत्रकात हे कसे बसवायचे, यावर मला अभ्यास करायचा आहे. त्याआधी मुळात खाली पाणी कमी जाईल असे पाहायला हवे. ज्यांना शक्य आहे त्यांनी उसाला ठिबक करावे. ज्यांना नाही त्यांनी निदान रात्री मोटर सोडून झोपू नये. एवढे आप्पांनी केले आहे, आता ते गजर लावून उठतात आणि मला शिव्या घालतात.

आमच्या दोन एकरांत पाईप अजून पडलेले नाहीत. ओढ्याकडे उघडा चर काढला आहे. गेल्या पावसाळ्यात धैंचा केला, तो दीड महिन्याचा झाल्यावर गाडला. वरच्या अंगाला अर्धा एकर पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५ लावला आहे. तो क्षार थोडा अधिक सोसतो. खालच्या कडेला तोही पिवळाच आहे, ते लपवत नाही.

मेळाव्यानंतर त्या मांडवात आम्ही विद्यार्थी बसणार आहोत. ज्यांच्या रानात मीठफुटी आहे त्यांनी नाव नोंदवावे. नमुना घेताना पहिला एक फूट, दुसरा आणि तिसरा फूट असे तीन थर वेगवेगळे घ्यावेत. वरची पांढरी पापडी खरवडून वेगळ्या पुडीत बांधावी. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळावी. प्रत्येक थराची अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी, खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नये. पिशवीत गट नंबर आणि खोली लिहिलेली चिठ्ठी टाकावी. आणि शक्य असेल तर तुमच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्यालाही सोबत घेऊन यावे.