तंजावरचा एक रुमाल

पुणें-नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडे कुरुळी हें माझें गांव. चाकण म्हटलें कीं पूर्वीं १६६० सालीं शाइस्तेखानाशीं झुंजलेला फिरंगोजी नरसाळा आठवे. आतां मोटारींचे कारखाने आठवतात. १९९० नंतर इकडील जमिनींस जसजसा भाव चढला, तसतसे लोक घरांतल्या जुन्या पेट्या उघडूं लागले आणि पणजोबांच्या वेळचे मोडी कागद घेऊन माझ्या ओट्यावर येऊं लागले. मी प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि वर अध्यापनाची पदविका. “गुरुजी, मोडी कोठें शिकलांत?” असें ते विचारतात. शिकलों गांवांतच, एका वृद्ध कुलकर्ण्यांपाशीं. पण शिकावें असें वाटलें तें दूर तंजावरास, आणि तेंहि लाजेपोटीं.

१९७७ सालीं मी मॅट्रिक झालों. थोरले बंधु बँकेच्या नोकरींत तंजावरास बदलून गेले होते. परमुलखांत वहिनींना सोबत हवी, म्हणून वडिलांनीं मला त्यांच्याकडे धाडलें. मद्रासच्या एगमोर स्थानकावर मीटर मापाच्या रुळांवरची गाडी धरली. कुंभकोणम मागें पडलें तेव्हां दोहों बाजूंस कावेरीच्या पाटांवर पोसलेलीं भातखाचरें पसरलीं होतीं. बाजरीच्या रानांत वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांत तें हिरवेपण मावेना.

शहराच्या पश्चिमेकडील राजरस्त्यावर, ज्यास तेथें मेलवीदी म्हणतात, एका मराठी कुटुंबाच्या घरीं आम्ही भाड्यानें राहत होतों. दाराशीं बसावयाचा ओटा, त्याचें नांव तिण्णै. आंत लाकडी खांब आणि मधोमध उघडा चौक. पहांटे बायका दारापुढें सडा घालून तांदळाच्या पिठाचें कोलम काढीत, आणि उन्हें वर येईपर्यंत मुंग्या व चिमण्या त्यांतलें निम्मेंअधिक फस्त करीत. सकाळीं पितळी पेल्यांतली काफी. ती हातभर उंचीवरून ओतून फेंसाळविण्याची कला मला दोन वर्षांत साधली नाहीं. पुष्कळशी काफी धोतरावर मात्र सांडली. सांबार हें नांव संभाजीराजांवरून पडलें असें घरचे लोक अभिमानानें सांगत. ती आख्यायिका आहे. मी तिच्या खरेपणाचा जामीन राहत नाहीं. पण एके दिवशीं पानांत ‘डांगर पच्चडी’ आली आणि मी थक्क झालों. उडदाच्या पिठाचें दह्यांत कालविलेलें डांगर! माझी आई कुरुळींत करी तेंच. नांवास तेवढें तमिळ शेपूट जोडलेलें.

छत्रपति शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें. १८५५ सालीं तेथील शेवटचे राजे पुत्रावांचून वारले आणि इंग्रजांनीं राज्य बुडविलें. राज्य गेलें, माणसें राहिलीं. आमच्या घरमालकांच्या तीन पिढ्यांनीं मराठी शाळेंत पाऊल टाकलें नव्हतें, तरी चुलीपाशीं बोलणें मराठींतच चाले. घरांत पंचाहत्तरीच्या आजी होत्या आणि त्यांचा आठनऊ वर्षांचा नातू. तो “मी आजीला ऐकतों” म्हणे, तेव्हां त्यास ‘विचारतों’ म्हणावयाचें असे. तमिळांत ऐकणें आणि विचारणें या दोहोंस एकच धातु आहे. मी मोठ्यानें हंसें आणि त्यास दुरुस्त करीं. आजी गप्प राहत. पुढें मीं त्यास पाटीवर बाळबोध अक्षरें गिरवावयास दिलीं. शुद्ध मराठीचा सगळा ठेका आपल्याकडेच आहे, असें त्या वयांत मला वाटत होतें.

सायंकाळीं मी त्यास घेऊन बृहदीश्वराच्या देवळांत जाईं. राजराज चोळानें १०१० सालीं पुरें केलेल्या त्या देवळाचें शिखर सुमारें दोनशें फूट उंच आहे. आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला. लिपि बाळबोध. मीं ओळींवरून बोट फिरवीत चार वाक्यें खडाखडा वाचून दाखविलीं. मुलानें घरीं येऊन ही बातमी आजीस सांगितली, आणि त्याच रात्रीं आजींनीं पिवळ्या फडक्यांत बांधलेला कागदांचा रुमाल माझ्यापुढें ठेविला.

“तूं महाराजांच्या मुलखांतला. हें वाच, बाबा. ह्यांच्या पणजोबांना राजेसाहेबांनीं दिलेली सनद आहे म्हणतात. मामंजी गेल्यापासून कोणी वाचलेली नाहीं.”

मीं वरचा कागद उलगडला. मोडी! एक लांबच लांब रेघ आणि तिला लोंबणारीं अक्षरें, वेलीवरच्या पडवळांसारखीं. माझ्या वेळीं शाळेंत मोडी नव्हती. मीं दिवा जवळ ओढला, कागद तिरपा धरला, शेवटीं म्हटलें, “आजी, मला हें येत नाहीं.”

त्या रागावल्या नाहींत. “मराठीच आहे ना?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

बंधूंनीं सुचविलें कीं रुमाल सरस्वती महालांत न्यावा. १९१८ पासून सर्वांस खुल्या असलेल्या त्या ग्रंथालयांत तीन हजारांवर मराठी हस्तलिखितें आहेत, मोडी दप्तरें आहेत, आणि तीं वाचणारेहि होते. पण आजी रुमाल उंबऱ्याबाहेर जाऊं देईनात. अखेर मीं पतंगाचा पातळ कागद वर ठेवून पहिल्या चार ओळी जशाच्या तशा गिरवून घेतल्या, आणि १९७९ सालीं त्या घेऊन कुरुळीस परतलों.

मास्तरकी लागल्यावर मोडी शिकलों. १९८३ च्या सुमारास त्या चार ओळी लागल्या. सनद नव्हती. कसल्याशा जेवणावळीचा जिन्नसवार हिशेब होता: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, नारळ, चौथी ओळ गुळाच्या वजनावर संपत होती. आजींना हें कळवावें कीं नाहीं, या विचारांत पंधरा दिवस गेले. ज्यावर एका घराचा अभिमान उभा आहे, तो आपण चार ओळींनीं कां मोडावा? पण खोटें लिहिण्यास हात धजेना. लिहिलें.

महिन्याभरानें नातवाचें कार्ड आलें, वेड्यावांकड्या बाळबोध अक्षरांत. “आजी फार हंसली. आजी ऐकते, गुळाचा भाव काय लिहिला आहे?”

तोंवर मीं मुलांच्या पुष्कळ वह्या तपासल्या होत्या. त्या कार्डास मात्र तांबडी शाई लावली नाहीं. भाव पांचव्या ओळींत असणार. मीं चारच उतरविल्या होत्या, आणि तसें आजींना कळविलें.

पुढें दोन वर्षांनीं आजी निवर्तल्याचें पत्र आलें. १९९४ सालीं सपत्नीक रामेश्वराहून येतांना मी वांकडी वाट करून मेलवीदींत गेलों. घराच्या जागीं तयार कपड्यांचें दुकान होतें. जुन्या तिण्णैचा एक दगड पायरी म्हणून राहिला होता. ते लोक कोठें गेले, हें दुकानदारास ठाऊक नव्हतें. रुमालाविषयीं त्यास काय विचारणार?